टाकीच्या झाकणावरची लाख

सावळीरामदादांचा कोणावरच विश्वास नव्हता. दूध आलं की नखावर थेंब धरून बघायचे, रेशनची साखर बोटांत चुरडून बघायचे. मी शाळेत खरंच शिकवते की पोरांकडून नुसतं अंगण झाडून घेते, याचीसुद्धा त्यांनी एकदा पलीकडच्या गावात चौकशी केली होती. ते कळल्यावर मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. पण आम्ही एकाच कॉलनीतले, आणि धरणाच्या पाण्यापलीकडे माझ्या शाळेत जायला त्यांचीच बोट. तोंड फिरवून का होईना, तिच्यात बसावंच लागायचं.

बोट पलीकडच्या गावांनी मिळून काढलेल्या सोसायटीची. मागे लटकवलेली मोटर मुंबईहून वापरलेलीच आणली होती, पण दादांनी ती लेकरासारखी सांभाळली होती. मदतीला पुंजा, पेठ तालुक्याकडचा. दोर बांधायचा, पोती चढवायची, शहरातून कॅनमध्ये पेट्रोल आणायचं, हे त्याचं काम. काठावरच्या सोसायटीच्या झोपडीत तो आणि बायको कुसाबाई राहायचे. दादांची बायको चांगुणावहिनी डब्यात पुंजासाठी जास्तीची भाकरी घालायच्या, आणि दुपारी दोघं बोटीतच जेवायचे. पुंजाला कायम करायचं चेअरमन झुंबरअण्णांनी जवळजवळ ठरवलं होतं. दादांनी 'माणूस चांगला आहे' एवढं म्हणायचं बाकी होतं.

तेवढ्यात पेट्रोल महागलं आणि दादांना वाटायला लागलं की टाकी लवकर रिकामी होतेय. बाजाराच्या दिवशी माणसांवर माणसं आणि वर कांद्याची पोती लादल्यावर दुसरं काय होणार? पण दादांची नजर पुंजाच्या कॅनवर गेली. मग तो बोट बांधत असताना त्याच्या पाठीवर, मग त्याच्या झोपडीतल्या स्टोव्हवर.

पूर्वी दादा पार्सलच्या कचेरीत शिपाई होते. थैलीचं तोंड बांधून त्यावर लाख ओतायची आणि शिक्का मारायचा, यात त्यांचा हात बसलेला. सकाळी टाकी भरली की ते झाकणावर फडकं घट्ट बांधायला लागले आणि वरून लाख ओतायला लागले. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं, चाकी फिरवली की उघडणारं. त्यातून नळी घालून पेट्रोल ओढता येईल म्हणून तिथे लाख जास्तच. लाखेवर शिक्का म्हणून आपल्या सदऱ्याचं बटण दाबायचे. हा सगळा सोहळा पुंजा समोर बसून बघायचा. मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

त्याच आठवड्यात मोटर बिघडली. काठावरून झोकात निघायची, आणि पाण्याच्या मध्यावर गेलं की तिचा दम जायचा. आवाज खाली बसायचा, एकदम उसळायचा, पुन्हा बसायचा. बोट हिसके खायची, बायका कडेला घट्ट धरून बसायच्या. शेवटी मोटर बंदच पडायची. मग दादा लाख फोडायचे, झाकण काढून आत वास घ्यायचे, पुन्हा लावून दोरी ओढायचे. मोटर लगेच चालू. पलीकडे पोचेपर्यंत सुरळीत चालायची.

त्यांनी प्लग घासले, मग शहरातल्या भद्रकालीच्या बाजारातून नवे आणून बसवले. कार्बोरेटर खोलून साफ केला. पेट्रोलची नळी बदलली. पंख्यात शेवाळ अडकलंय का, म्हणून पाण्यात उतरून बघितलं. काही सापडलं नाही. मग त्यांनी निकाल देऊन टाकला.

"आता टाकीतून चोरता येत नाही, म्हणून कॅनमधलंच काढून रॉकेल मिसळतोय," ते मला म्हणाले. "वास येतो, बाई."

"मला तर नुसता पेट्रोलचाच येतो," न राहवून मी म्हटलं.

"तुमचं नाक सरळ आहे."

पुंजाला त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. त्याने हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "दादा, बोट बुडली तर मी बी तिच्यातच हाय ना? असं कशापायी करीन?"

उत्तर सरळ होतं. दादांना ते पढवल्यासारखं वाटलं. ते झुंबरअण्णांकडे गेले, आणि कायम व्हायचं तर सोडाच, पुंजाला झोपडीही सोडावी लागली. तो कुसाबाईला घेऊन विंचूरला कांद्याची पोती उचलायला गेला. वहिनींनी त्या दिवसापासून डब्यात मोजकं घालायला सुरुवात केली आणि घरात दादांशी चकार शब्द काढला नाही.

योग असा, की त्याच दिवशी लाख संपली होती. दादांनी चाकी सैल करून नुसतं झाकण लावलं, आणि मोटर एका दमात पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. दादा सगळ्या बोटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. माणूस गेला आणि दुखणं गेलं." माझ्याही मनात पाल चुकचुकली, हे खरं.

नंतर शहरातून लाख आली. संशय तर संपला नव्हताच, आता तो बोटीतल्या उतारूंवर होता. दादांनी झाकणावर फडकं बांधलं, लाख ओतली, बटण दाबलं. पाण्याच्या मध्यावर मोटरचा दम गेला.

या वेळी शिव्या घालायला पुंजा नव्हता. पेट्रोल दादांनी स्वतः आणलं होतं. ते नळीवरचा, पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा दाबून बघायला गेले, तर तो आधीच चपटा होऊन बसला होता. टाकीची पत्र्याची बाजूही आत ओढली गेली होती. त्यांनी भोकावरची लाख तेवढी नखाने टोकरून काढली. टाकीने सुस्स करून वारा आत घेतला, आणि त्यांच्या हातातला फुगा पुन्हा भरून वर आला. पेट्रोल बाहेर जायचं तर आत वारा यायला हवा, आणि ती वाट त्यांनीच रोज शिक्का मारून बंद केली होती. दादा बराच वेळ मोटर चालू न करता बसून राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

रविवारी ते एसटीने विंचूरला गेले. त्याआधी झुंबरअण्णांकडे जाऊन स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगून आले, हे मात्र मान्य करायला हवं. पुंजा परत आला. कायमही झाला. वहिनींनी पुन्हा जास्तीची भाकरी घातली, आणि ती तो घ्यायचा, पण काठावर बसून खायचा.

पहिल्याच सकाळी दादांनी कॅन त्याच्यापुढे केला. "घे, आज तू भर. लाख फेकून दिली मी."

पुंजा चार पावलं मागे सरकला आणि दोन्ही हात समोर दिसतील असे धरून उभा राहिला.

"नको दादा," तो म्हणाला. "तुमीच भरा. मी हितं हाय, तुमाला दिसतोय."

बोट बंद होईपर्यंत, कितीतरी वर्षं, दादा पेट्रोल भरायला लागले की तो तसाच उभा राहायचा.