निकेलच्या चार नाण्यांचा निकाल

ओहायोतल्या डब्लिनला आल्यावर कित्येक वर्षं मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा व्हिसावर, मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला. नागपूरची एम.एस्सी. होऊन मी दिवसभर डिशवॉशर भरायचे आणि रिकामा करायचे. लायब्ररीच्या बोर्डावर एकदा कागद दिसला की महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी इथे कॉइन क्लब भरतो. नाण्यांचं मला काही कळत नव्हतं, तरी गेले.

तिथे सगळे निवृत्त पुरुष. त्यातला एकच जण माझ्याशी नीट बोलला. पंचाहत्तरीचा एक कोरियन गृहस्थ, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, बायको गेलेली, एकटा राहणारा. मी त्यांना सर म्हणायचे. नाणं कडेनं कसं धरायचं, उजेड कुठून घ्यायचा, आधी वजन का बघायचं, हे सगळं मला सरांनी शिकवलं.

त्यांचा विषय जुनी कोरियन नाणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिथे ड्रॅगनचं चित्र असलेलं निकेलचं एक लहान नाणं निघालं, आणि लोकांनी त्याच काळात त्याची खोटी नाणी भरमसाट पाडली. पर्यटकांसाठी हल्ली बनवलेली नक्कल चटकन ओळखू येते. ही खोटी नाणी मात्र खऱ्यांच्या बरोबरीनं बाजारात फिरली, तितकीच झिजली. ती ओळखायची तर ड्रॅगनचे खवले मोजत बसावं लागतं, अक्षराची एखादी रेघ आखूड आहे का ते पाहावं लागतं, झिजलेल्या जागी खालून पिवळा धातू डोकावतोय का ते तपासावं लागतं. ओहायोभरात हे सांगू शकणारा माणूस म्हणजे सर, असं क्लबात सगळे मानायचे.

तीन वर्षं मी त्यांच्या नाण्यांचे फोटो काढले, वजनं घेतली, तक्ते तयार केले. क्लबच्या पत्रिकेत लेख आला तो फक्त त्यांच्या नावानं. तोवर त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, त्यामुळे मीच त्यांना घरून आणायचे. नवीन कोणी आलं की ते हसत माझी ओळख करून द्यायचे, "ही माझी ड्रायव्हर." मीही हसायचे. घरी येऊन नवऱ्याला मात्र तेच तेच ऐकवायचे.

त्यांचे डोळे जात होते. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं. ते दारापर्यंतच्या पायऱ्या ओठातल्या ओठात मोजायचे. कपात चहा ओतताना एक बोट कडेवर ठेवायचे. भिंग डोळ्याला लावलं की मान वळवून तिरकं बघायचे, कारण समोरचं दिसणं पुसलं गेलं होतं आणि कडेचं तेवढं उरलं होतं.

मागच्या वसंतात त्यांनी निकेलच्या नाण्यांचा एक ट्रे मांडून भाषण करायचं ठरवलं आणि मला फोटो काढायला सांगितलं. स्क्रीनवर मोठे करून पाहिले तेव्हा चोवीसातली चार मला खटकली. दोन दिवस तपासली. चारही खोटी होती, त्याच जुन्या काळातली, आणि खरी म्हणून लेबल लावलेली.

त्यांच्या स्वयंपाकघरात बसून हे सांगता आलं असतं. त्यांनी लेबलं बदलली असती, आणि ती चार नाणी कदाचित भाषणातला सगळ्यात रंगतदार भाग झाली असती. मी सांगितलं नाही. फोटो मोठ्या आकारात छापून घेतले आणि पर्समध्ये ठेवले.

शनिवारी त्यांना घेऊन गेले. वीसेक माणसं होती. ते छान बोलले. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी हात वर केला आणि सांगितलं की ट्रेमधली चार नाणी खोटी आहेत.

त्यांनी शांतपणे विचारलं, कोणती. मी म्हणाले, दुसऱ्या ओळीतली शेवटची चार. त्यांनी बोटानं चाचपून एक उचललं.

"ते नाही, सर. त्याच्या शेजारचं."

त्यांनी ते ठेवून दुसरं घेतलं, भिंग लावलं, मान वळवली. मी फोटो लोकांत फिरवले. कागद हातोहात गेले, माना हलल्या, मागे कोणीतरी हसलं. सर अजून तिरके होऊन बघतच होते. एवढ्यावर थांबता आलं असतं.

"साध्या भिंगातून दिसतं हे," मी म्हणाले. "तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "नाही," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

हॉलमध्ये सगळ्यांना एकदम समजलं. मला त्या क्षणी बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण वाटलं होतं.

परत सोडायलाही मीच होते. वीस मिनिटांचा रस्ता होता. दाराशी त्यांनी नेहमीसारखेच आभार मानले आणि पायऱ्या मोजत वर गेले.

त्याच आठवड्यात क्लबच्या अध्यक्षांची ईमेल आली. क्लबात आणि वार्षिक प्रदर्शनात नाणी तपासायच्या टेबलावर सर बसायचे, आता तुम्ही बसाल का? मी दहा मिनिटांत हो कळवलं. नवरा म्हणाला, पण तू बरोबर होतीस ना? कॉलेजातून घरी आलेल्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दॅट वॉज क्रूएल, आई." मग ती फोन बघत बसली.

सर पुन्हा क्लबात आले नाहीत. मीही फोन केला नाही.

महिन्याभरानं त्यांच्या मुलीचा फोन आला, दक्षिणेतल्या अल्फारेटा गावाहून. ती वडिलांना आपल्याकडे घेऊन जात होती, घर विकायला काढलं होतं. रागावलेली नव्हती. म्हणाली, बाबा सांगतात की तुम्हाला त्यांच्या डोळ्यांचं ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर तुम्ही चारचौघांत तसं विचारलं नसतं. मला खात्री नव्हती म्हणून विचारते. तुम्हाला माहीत होतं का?

"नाही हो," मी म्हणाले. "मला काहीच कल्पना नव्हती."

तिचा आवाज हलका झाला. इतकी वर्षं बाबांना गाडीतून नेल्या-आणल्याबद्दल तिनं माझे आभार मानले, आणि हे त्यांना सांगते, त्यांना बरं वाटेल, म्हणाली.

आता शनिवारी मला वाटेत कुठे थांबायचं नसतं. मी हॉल उघडायच्या आधीच पोचते, टेबल पुसते, वजनकाटा मांडते, आणि लोक आपापली नाणी घेऊन माझ्यासमोर रांगेत उभे राहतात.