कल्याणप्पांनी बंद केलेलं इंजिन

उमरग्याला हैदराबाद रस्त्यावर कल्याणप्पांचं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. ट्रक दारात येऊन थांबायच्या आत ते नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगत, आणि ते बरोबर निघे. याचा त्यांना फार अभिमान होता. थोडा जास्तच म्हणा ना. शिवाय माणूस महाकाटकसरी. काम झालं की इंजिन लगेच बंद. डिझेलचा थेंब वाया गेला तरी यांच्या कपाळाला आठी पडायची.

शहाऐंशीच्या दुष्काळात तालुक्याच्या सहकारी संघानं बोअर मारायची गाडी घेतली. तिच्या कॉम्प्रेसरच्या इंजिनाला टर्बो होता, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर गरगर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. गाडीवर ऑपरेटर म्हणून गुलाब लागला. बौद्ध वस्तीतला, आयटीआय केलेला, घरातला पहिला पगारदार माणूस. दर तासाला तो ऑइलचा दाब आणि धुराची उष्णता काट्यावर बघायचा. इंजिनाची देखरेख मात्र संघानं कल्याणप्पांकडं दिली होती.

"नाडी हातानं बघायची असती रे, काट्यावर न्हाय," कल्याणप्पा चिडवायचे. गुलाबही हसायचा. दोघांचं चांगलं जमत होतं, आणि पुढं तेच जास्त जिव्हारी लागलं.

मे महिन्यात जळकोटच्या शिवारात दोनशे फुटांवर काळा पाषाण लागला. बोअर इंचभर पुढं सरकेना. भोवती बाया घागरी घेऊन उभ्या. कल्याणप्पांना चेव आला. त्यांनी इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. इंजिन गरजलं, काळाकुट्ट धूर निघाला आणि बोअर खाली जाऊ लागला.

"अप्पा, धुराचा काटा लाल खुणेच्या वर गेलाय," गुलाब म्हणाला. "डिझेल कमी करा."

"आता लागंल पाणी. गप बस."

पाणी काही लागलं नाही. तासाभरानं जेवायला थांबायचं ठरलं, तसे कल्याणप्पा सवयीनं इंजिन बंद करायला गेले.

"थांबा अप्पा! दोन मिनिटं नुसतंच हळू चालू द्या. टर्बो लई तापलाय. इंजिन बंद झालं की वंगणाचं तेल थांबतंय, जळंल त्यो."

"तुझ्या बापाचं डिझेल हाय व्हय?" चारचौघांत असं म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं.

जेवणं उरकून ते पुन्हा सुरू केलं, तेव्हा टर्बोतून कर्कश आवाज आला, मग निळा धूर, मग काहीच नाही. तेलावाचून आतला दांडा जळून जाम झाला होता. बोअर कोरडाच राहिला. बाया रिकाम्या घागरी घेऊन पांगल्या.

आठवड्यानं संघाच्या कचेरीत बैठक बसली. चेअरमन अण्णाराव आणि पंचवीसेक सभासद होते; त्या दिवशी बोअरवर असलेलं दुसरं कोणी नव्हतं. गुलाबनं सरळ सांगितलं, "डिझेल अप्पांनी वाढवलं, आन् इंजिनबी अप्पांनीच बंद केलं." सगळे कल्याणप्पांकडं वळले. 'व्हय' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तीस वर्षांचं नाव आडवं आलं. ते म्हणाले, "इंजिन गुलाबच्या ताब्यात व्हतं." खोटं म्हणावं तर खोटंही नाही. गुलाबला कामावरून काढलं. इंजिन जाळणारा म्हणून पुढं तालुक्यात त्याला कोणी गाडीला हात लावू देईना.

कल्याणप्पांना मात्र अन्न गोड लागेना. ट्रक दारात आला की आवाज ऐकायच्या ऐवजी ते दुसरंच काही ऐकत बसायचे. लाज वाटत होती, आणि ती कोणाला सांगताही येत नव्हती. शेवटी पुढच्या उन्हाळ्यात ते रोजगार हमीच्या रस्त्यावर गेले. गुलाब तिथं खडी फोडत होता. त्याला बाजूला बाभळीखाली नेऊन ते म्हणाले, "चूक माझी व्हती, गुलाब. सगळी माझी."

गुलाबनं तोंडावरचा घाम पुसला. तो रागावला असता, शिव्या घातल्या असत्या, तर कल्याणप्पांना बरं वाटलं असतं.

"हे तिथं पंचवीस माणसांत बोलायचं व्हतं, अप्पा," तो म्हणाला. "हितं तर मी एकटाच हाय, आन् मला ते ठावंच हाय."

तो खडीकडं परत गेला. येत्या वार्षिक सभेत उभं राहून सगळं सांगायचं, असं कल्याणप्पांनी त्या बाभळीखालीच ठरवलं.

त्यानंतर संघाच्या सहा वार्षिक सभा झाल्या. कल्याणप्पा सहाही सभांना गेले, आणि चहा पिऊन परत आले.