सुजलेल्या पायांची गल्ली

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी मुकुंदवाडीच्या त्या गल्लीतले प्रकरण मनातून जात नाही. दुष्काळाचे साल होते. वस्ती वाढत होती, नळ कोरडे, सगळी भिस्त टँकरवर. त्यात आठ-दहा घरांतल्या माणसांचे पाय सुजू लागले, धाप लागू लागली. वाळूजला कारखान्यात कामाला जाणारा एक तरुण दगावला, तेव्हा लोकांनी टँकरवाल्याला बडवून ठाण्यात आणून बसवले.

मीही पाण्यावरच संशय धरला. तपासणीत पाणी चांगले निघाले. टँकरवाल्याला सोडले, मारणाऱ्यांपैकी एकानेही त्याची माफी मागितली नाही. उलट जबाबात पुन्हा पाणीच. ऐकून ऐकून माझे डोके फिरायची वेळ आली.

एका घरात मुलगा आणि सून अंथरुणाला खिळलेले, म्हातारी सासू मात्र ठणठणीत.

"आजी, तुम्ही पाणी वेगळं पिता का?"

"नाय साहेब, पाणी एकच. सुनेशी पटत नाय, म्हणून चूल वेगळी हाय."

"मग धान्य, तेल कुठून आणता?"

"धान्य एकाच दुकानाचं. तेल माझं गावाकडून येतंय. हे हातगाडीवाल्याकडून सुटं घेतेत. सगळी गल्लीच घेती."

गाडीवाल्याने तेलघाण्याच्या मालकाचे नाव सांगितले. मी पंच घेऊन तिथे गेलो, नमुने सीलबंद केले. मालक शांतपणे म्हणाला, "आमच्या घरात बी हेच खातेत."

घर मागेच होते. स्वयंपाकघरात कंपनीच्या तेलाचा डबा. मी त्याच्या बायकोला विचारले. ती म्हणाली, "यांनीच सांगितलं, घाण्यावरचं घरात आणायचं नाय."

मालकाला मग कबूल करावे लागले. करडई पिकली नव्हती, म्हणून पडीक रानातल्या पिवळ्या धोत्र्याचे विषारी बी त्याने घाण्यात घातले होते. "थोडंच घातलं साहेब. एवढं होईल असं वाटलं नाय." पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

त्याला अटक करून मी गल्लीत परतलो. ते तेल वापरू नका, असे घरोघरी सांगितले. दुसऱ्या दिवशी दगावलेल्या तरुणाच्या घरी गेलो, तर त्याची बायको त्याच तेलाची फोडणी देत होती. पायांवर तिच्याही सूज.

"बाई, सांगितलं होतं ना?"

"व्हय साहेब. पण डबा निम्मा भरलेला हाय. थोडं थोडं टाकते."

मी चिडलो, डबा जप्त केला. ती एवढेच म्हणाली, "मग आता भाजी कशात करू?"

त्या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. आजारी माणसांआधी जो बरा आहे त्याला विचारावे. आणि आरोपी कोठडीत गेला म्हणजे काम संपले, असे समजू नये. त्याचा माल अजून कुणाच्या तरी चुलीजवळ असतो.