बिनदुधाची एस्प्रेसो

विट्याहून फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या कुकरची रिंग बदलत होतो. आण्णा गेले, असं गावी आलेला त्यांचा पुतण्या पलीकडून म्हणाला... मी रिंग उलटी बसवली आणि बाईंची बोलणी खाल्ली. त्याला आता महिना होऊन गेला. पण सांगलीतल्या माझ्या घरगुती उपकरणांच्या दुकानात अजूनही कुणी 'एस्प्रेसो' म्हणालं, की आधी हसू येतं आणि मग आण्णा आठवतात.

आण्णा गलाईवाले. तीस वर्षं कोइमतूरला सोनं गाळलं आणि तेजाबाच्या धुरानं नाक घालवून बसले. तसं नाक जागेवर होतं, चांगलं धारदार होतं, पण त्याला ना उदबत्ती कळायची, ना उतू गेलेलं दूध. शेवटी दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते गावी, विट्याला परतले. नव्वद सालानंतरची गोष्ट. एक दिवस माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, घरात ठेवायला एस्प्रेसोचं यंत्र पाहिजे.

आमच्याकडं एस्प्रेसो म्हणजे लग्नातली. मांडवाच्या कोपऱ्यात सूं सूं करणारं यंत्र, कपावर फेसाचा डोंगर, त्यावर चॉकलेटची पूड आणि पुढं ही झुंबड. मी मोठ्या हौसेनं त्यांना तसलंच वाफेच्या तोटीचं छोटं यंत्र दाखवलं, दूध फुगवूनही दाखवलं. आण्णांनी कप बाजूला सारला. मला बिनदुधाची प्यायचीय, म्हणाले. बिनदुधाची एस्प्रेसो म्हणजे नवऱ्याबिगर वरात, असं मी बोलूनही गेलो. माझ्या जिभेला हाड नाही.

मग त्यांनी सांगितलं. कोचीनला एका व्यापाऱ्याच्या घरी परदेशी यंत्रातली घोटभर कोरी कॉफी प्याले, तेव्हा त्यांच्या नाकात क्षणभर काहीतरी हललं होतं.

"काय ते कळलं न्हाई रं, पर कायतरी आलं. कुंडलला मामाच्या गुऱ्हाळावर काकवीचा वास यायचा... त्यो एकदा परत आला म्हंजे बास."

मी मुंबईहून दोन यंत्रं मागवली. एक नुसत्या वाफेवरचं, दुसरं आत पंप असलेलं. चव पाहायचं काम माझ्याकडं, आणि मी तर सायीचा गोडमिट्ट चहा पिणारा! तोंड वेडंवाकडं करत मी सांगितलं, वाफेवाली करपलीय. आण्णा गलाईवाल्याच्या नजरेनं धारेचा रंग बघत होते. वाफ लय तापट, ती पूड जाळते, म्हणाले. दूध घातलं तर खपून जातं, कोऱ्या कॉफीत झाकायला काय न्हाई. पंपाचं ठरलं. त्यालाही दुधाची तोटी होतीच. आण्णांनी तिच्यावर फडकं गुंडाळून गाठ मारली.

कॉफीची पूड पुतण्या कोइमतूरहून पाठवायचा. महिन्यातून दोनदा मी यंत्र बघायला विट्याला जायचो. घरात म्हैस असून ह्यांना काळं पाणी लागतंय, असं आण्णांच्या बायको, आमच्या वहिनी, पुटपुटायच्या. वर्ष गेलं, नाक काही जागं होईना. मी तर मनातून आशा सोडली होती, हे आता कबूल करतो. मग एका सकाळी आण्णांनी कप नाकाशी धरला आणि तसाच खाली ठेवला.

"शेंगा करपाय लागल्या गं," ते आत बघून म्हणाले.

वहिनी चुलीकडं पळाल्या. बाहेर आल्या त्या पदर डोळ्यांना लावूनच. मला स्वतःला तो वास आलाच नव्हता. त्या करपट शेंगा आम्ही तिघांनी एक न टाकता खाल्ल्या.

पुढं एकेक वास येत गेला. साबणाचा, ओल्या पोत्याचा, म्हशीचासुद्धा. काकवी तेवढी येईना. आण्णा मात्र रोज कप धरून बसायचे, जणू पाहुणा यायचाय.

आण्णांचं दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी यंत्र माझ्यापुढं ठेवलं. मला कडू सोसत न्हाई, तुमीच न्या, म्हणाल्या. मग फडक्याची गाठ चाचपत बोलल्या.

"जायच्या आदल्या दिवशी कप धरून लय येळ बसलं हुतं, भावजी. मी इचारलं, काय हुतंय का? तर हसलं. म्हणलं, काकवी आली गं."

यंत्र आता माझ्या दुकानात आहे. फडक्याची गाठ तशीच. चहा मी सोडलेला नाही, पण सकाळी शटर उघडलं की आधी एक कोरी कॉफी. गिऱ्हाईक फेसाची चौकशी करतं, मी नाही म्हणून मान हलवतो. मला अजून कपातून करपट शेंगांच्या पुढं कसला वास आलेला नाही. पण कप खाली ठेवायची मी घाई करत नाही.