पंपहाऊसमधून आलेला फोन

भूतखेत, देवदेवस्की... आपला कधीच विश्वास नव्हता. सिक्युरिटीवाल्याने विश्वास ठेवायचा तो रजिस्टरवर. तरी हे लिहितोय.

गोष्ट १९९६ ची, तळोज्यातल्या एका केमिकल कंपनीच्या मेन गेटवरची. मी तिथे नऊ वर्षं गार्ड. आणि सुपरवायझर कोणाला केलं? दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या कदमला! मॉक ड्रिलचा इन्चार्जही तोच. मॅनेजर त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलले की माझा नुसता तिळपापड व्हायचा.

आमची पद्धत साधी होती. आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला गेटवरच्या बोर्डला टांगायचा. सायरन झाला की बोर्ड मैदानात न्यायचा, बाहेर आलेल्याने आपला बिल्ला काढून घ्यायचा. बिल्ला उरला म्हणजे माणूस आत.

त्या दुपारच्या ड्रिलला बोर्ड सहा मिनिटांत रिकामा झाला. ‘ऑल क्लिअर’चा सायरन द्यायला कदम गेटवरच्या केबिनमध्ये आला, आणि बटण दाबायचं सोडून त्याने माझ्यासमोरचा फोन उचलला. फोन वाजलाच नव्हता — मी वीतभर अंतरावर बसलो होतो.

“मोरेदादा, पंपहाऊसमधनं बोलत्यात. मागच्या खड्ड्यात मानूस पडलाय म्हनं.”

“कोण बोलतंय?”

“वळकला न्हाई. वयस्कर आवाज हाय.”

“अरे, बोर्ड रिकामा आहे! जा, मॅनेजरसमोर हसं करून घे.”

खरं सांगतो, मनातून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तो मास्क लावून पळाला. दहा मिनिटांनी खांद्यावर माणूस घेऊन आला — कॉन्ट्रॅक्टरचा पेंटर, खड्ड्यात रंगाच्या वासाने बेशुद्ध पडलेला. सकाळी “पाच मिनिटांचं काम आहे” म्हणाला म्हणून बिल्ल्याशिवाय त्याला मीच आत सोडलं होतं.

पेंटर वाचला. कदमने रिपोर्टमध्ये माझं नाव घातलं नाही. त्याचा तो मोठेपणाही मला खुपला.

संध्याकाळी मी केबिनचं कपाट उघडलं. पंपहाऊसचा फोन बिघडला म्हणून महिन्यापूर्वी मीच काढून आणला होता. तो तसाच पडून होता, वायर गुंडाळलेली.

मग बोललं कोण? आजतागायत कळलेलं नाही. कितीतरी वर्षं मी एकाच गोष्टीवर जळत राहिलो — नऊ वर्षं त्या फोनजवळ मी बसलो, आणि हाक आली ती कदमला! आता वय झालंय, खोटं बोलवत नाही. मला आली असती, तर मी “राँग नंबर” म्हणून फोन ठेवून दिला असता.