बांगड्यांवर टिकली नाही

माझं मनगट मोडलं होतं. प्लास्टर काढलं तरी बोटं वळेनात. डॉक्टर म्हणाले, रबरी चेंडू दाबा. त्याचा कंटाळा आला तेव्हा नातीने तिचा टॅब पुढ्यात ठेवला. गाणं वाजतं, वरून टिकल्या पडतात, टिकली खालच्या रेघेवर आली की तालात दाबायची. बोटं सुटली, खेळ काही सुटला नाही.

टिकल्या कुठे पडायच्या, हे कुणीतरी बसून मांडलेलं असतं. त्याला चार्ट म्हणतात. नात कॉलेजातून आली की तेच करत बसते. खेळणाऱ्यांनी आपापसात स्पर्धा ठेवली होती. आवाज स्वतःचा हवा, चार्टही स्वतःचा. निवडलेले चार्ट खेळात जाणार होते, म्हणजे कुठलंही पोर ते खेळणार. तिला ते फार हवं होतं.

आवाज म्हणून मी उखळ सुचवलं. आमच्या माण गावातल्या घरात आता खोल्या भाड्याने दिल्यात आणि पडवीतलं उखळ भाडेकरूंच्या मोटरसायकलींखाली असतं. गाड्या हलवायला लावल्या. मी आणि धाकटी जाऊ दोन मुसळं घेऊन भात कांडायला उभ्या राहिलो. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. मध्येच मी वाकून हाताने भात खालीवर करायची, तोवर जाऊ मुसळ वर धरून थांबायची, नुसत्या माझ्या बांगड्या वाजायच्या. नातीने त्यावर टिकल्या मांडल्या. डावी म्हणजे माझं मुसळ, उजवी म्हणजे जावेचं.

परीक्षक तिघे. त्यांचे शेरे इंग्रजीत आले, नात मराठीत सांगत होती. पहिला म्हणाला, शेवट ढिला पडलाय. खरं होतं, आम्ही दमलो होतो. शेवट पुन्हा कांडला, तिने पुन्हा मांडला. दुसरी म्हणाली, मधली मोकळी जागा छान, बोटांना दम मिळतो. तिसऱ्याने नेमकी तीच जागा धरली. इथे बांगड्या वाजतात, त्यांवर टिकल्या नाहीत, टाकण्याचा विचार करावा.

"एकीला आवडलं, एकाला न्हाई. झाली की फिटंफाट," मी म्हटलं.

"तसं नसतं गं आजी. हा सगळ्यात कडक आहे. आणि 'विचार करावा' म्हणजे कराच, असं असतं त्यांच्यात."

"केला विचार. न्हाई टाकायच्या."

"अगं, पण आवाज आहे ना तिथे!"

"आवाज हाय, मुसळ न्हाई. टिकली म्हंजे मुसळ, हे तूच ठरवलंस."

जाऊ सुपात तांदूळ पाखडत होती. "तितं टिकली टाकली तर माज्या मुसळाखाली हिचा हात. मग त्या परीक्षकालाच म्हनावं, ये हितं भाकऱ्या थापायला."

नात चिडली. "तुमचं काय जातंय? चार्टवर नाव माझं आहे." आणि टाकल्याच तिने टिकल्या.

सुधारलेला चार्ट पाठवायच्या आधी मी तिला उखळापाशी नेलं. "घाल हात. भात उलट."

तिने हात घातला. जावेने मुसळ उचललं. पोरीने वर पाहिलं आणि झटक्यात हात काढला.

"काकीआजी, मारशील खरंच!"

"तुज्या चार्टात हाय तसंच करतुया," जाऊ म्हणाली.

नात मोटरसायकलच्या सीटवर जाऊन बसली. टॅब मांडीवर घेतला. मग एकेक करून बांगड्यांवरच्या टिकल्या तिने काढून टाकल्या. खाली इंग्रजीत लिहिलं, इथे आजीचा हात आत आहे.

चार्ट निवडला गेला नाही. तिसऱ्याने कळवलं, कारण समजलं, पण खेळणाऱ्याला हात दिसत नाही, त्याला जागा चुकून राहिल्यासारखी वाटते. त्याचंही खोटं नव्हतं. पण माणसाला हात दिसत नाही म्हणून त्यावर मुसळ घालायचं, हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

नात त्या दिवशी जेवली नाही. मी आग्रह केला नाही. भूक लागल्यावर माणूस जेवतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आली. "आजी, पुन्हा कांडाल का? या वेळी हात जास्त वेळ आत ठेव. बांगड्या नीट ऐकू आल्या पाहिजेत. बघू कुणाला चूक वाटते ते."

मी म्हटलं, गाड्या हलवायला सांग.