जोतंही न उरलेलं बेट

शिवडीच्या धक्क्यावरून शिडाची बोट सुटली तेव्हा कदमकाका शहराकडे पाठ करून बसले होते. बोट सुहासची, ठाकूरद्वारचा हा माझा कॉलेजमित्र सुट्टी मिळाली की किनाऱ्याकिनाऱ्याने भटकतो. काका लालबागचे, गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर काम केलेले. दक्षिणेकडच्या ज्या बेटावर ते जन्मले, तिथे आता रिसॉर्ट होणार आहे. प्रकल्पाच्या जाहीर नोटिशीत छापलंय, ‘बेटावर कधीही वस्ती नव्हती.’ त्यावर सोमवारी हरकतींची सुनावणी आहे. वस्तीचा पुरावा आणायला आम्ही निघालो होतो.

सुनावणीला वाटायचं माझं पत्रक तर तयारच होतं : ‘पडक्या भिंती साक्ष देत आहेत!’

“भिंती बघायच्या आधीच त्यांची साक्ष काढलीस?” सुहास हसला. “धन्य आहेस बाई!”

मला राग आला. पण भिंती मी पाहिल्या नव्हत्या, हे खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसलं. शेंडे झडलेले माड नुसते खांबांसारखे उभे होते. सुहासने भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. काकांनी घास मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. ओहोटीमुळे बोट लांबच थांबवावी लागली. कमरेएवढ्या पाण्यातून जाताना खडकावरच्या कालवांनी माझी टाच कापली. काका मात्र न अडखळता चालत होते.

केवड्याच्या जाळीपलीकडे ते थांबले. “ह्या आमचा खळा (अंगण).”

समोर गवत होतं. भिंत नाही, कौलाचा तुकडा नाही, साधं जोतंही नाही.

“घरं कुठायत, काका?”

“नेली.”

“कोणी?”

“आमीच.” विहीर खारी झाली, लाँच यायची बंद झाली, तेव्हा बारा घरांनी बेट सोडलं. काका तेव्हा बारा वर्षांचे. जाताना घरं उभी टाकली नाहीत. वासे, चौकटी, कौलं, जोत्याचे चिरेसुद्धा उतरवून पडावांत (मालाच्या होड्यांत) भरले होते.

“आणि विहीर?”

“बुजवली. दोन बकऱ्यो गावल्यो नाय (सापडल्या नाहीत). पडान मरतीत म्हणान (पडून मरतील म्हणून).”

बेटाच्या टोकाला मात्र एक भिंत उभी होती, सरकारी दीपस्तंभाच्या रखवालदाराच्या खोलीची. मी मोबाइल काढला.

“काका, इथे उभे राहा. आपण सांगू, हेच तुमचं घर.”

“आमचा घर असा नव्हता.”

“त्यांना काय कळणार आहे? ते तर धडधडीत खोटं छापतायत!”

“ते छापतत. तू कित्याक (कशाला) छापतंस, चेडवा (पोरी)?”

लहानपणापासून मी मोर्च्यांत पत्रकं वाटत आले. खोट्याविरुद्ध किती घोषणा दिल्या असतील! मी मोबाइल खिशात घातला.

परतताना वारा समोरून होता. पाणी सारखं अंगावर येत होतं. मध्येच मी विचारलं, “घराच्या लाकडाचं काय झालं?”

“बराचसा विकला. तुळई लालबागच्या खोलीत पोटमाळ्याक लावली. बापाशीन तिच्यावर बेटाचा नि आपला नाव कोरलेला.”

मी ताडकन उठले. “मग आहे की पुरावा!”

“चाळ पाडूच्या आधी मी सामान काढलंय. बिल्डराच्या माणसांका चावी दिलंय. तुळई थयच रवली (तिथेच राहिली).” त्यांनी अंगावर उडालेलं पाणी झटकलं. “एकदा सगळा घेवन इलंव (घेऊन आलो), एकदा सोडून इलंव. दोन्ही चुकला.”

सुहासने शीड ओढून घेतलं.

शिवडीला उतरल्यावर मी पत्रकांचा गठ्ठा फाडला. या माणसांनी जाताना पडझड आणि कचरा मागे ठेवला असता, तर ती रहिवासी ठरली असती. स्वच्छ निघून गेली, म्हणून ती कधी नव्हतीच! असल्या कायद्याची मला चीड येते, पण चिडून भिंत उभी राहत नाही.

सोमवारी मी काकांना घेऊन सुनावणीला जाणार आहे. दाखवायला आमच्याकडे फक्त तेच आहेत.